पैसा सगळ्यांना सारखा, मग जिंकतो कोण? हॉकीतल्या पगारमर्यादेचा हिशोब

आमच्या पंचक्रोशीतले कबड्डीचे सामने संक्रांतीच्या आसपास होतात. दारव्ह्याकडच्या आमच्या भागात तोवर कापसाच्या एक-दोन वेचण्या घरी आलेल्या असतात, लोकांच्या हातात चार पैसे असतात, वर्गणी निघते. मधली तीन वर्षं मात्र एकच गाव जिंकत होतं. त्या गावच्या संघामागे एक पैसेवाला माणूस उभा होता आणि तो यवतमाळ-अमरावतीहून चार-पाच तयार रेडर आणायचा. चौथ्या वर्षी आठ गावांनी नावंच दिली नाहीत. "हारायलेच जायचं तं डिझेल कायले जाळायचं?" असं एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग समितीने नियम केला. बाहेरच्या खेळाडूंवर कोणत्याही गावाने २५ हजारांच्या वर खर्च करायचा नाही. गावचे पोट्टे कितीही खेळवा.

त्या बैठकीत माझा पुतण्या बसला होता. तो म्हणाला, "काका, थ्या अमेरिकेतल्या हॉकीत बी असीच मर्यादा रायते म्हन्ते. मंग तिकडं पैसा सारखा असून एकच संघ दोन-दोनदा कसा जिंकते?" प्रश्न इतका नेमका होता की त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी बरेच दिवस या विषयात डोकं घातलं. ते उत्तर इथे सगळ्यांसाठी लिहितो.

आधी आपल्या देशातली हॉकी घेऊ, कारण तिथला हिशोब सरळ आहे. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, मध्ये काही वर्षं बंद होती आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत लिलाव झाला. पुरुषांचे आठ संघ, प्रत्येकाच्या हातात ४ कोटी रुपये. त्यात २४ खेळाडू भरायचे: किमान १६ भारतीय, त्यातले चार ज्युनिअर, आणि आठ परदेशी. चार कोटींना २४ ने भागलं तर माणशी साधारण १६ लाख ६७ हजार येतात.

सुरमा हॉकी क्लबने भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला ७८ लाखांना घेतलं. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली. आता उरले ३ कोटी २२ लाख आणि २३ जागा. म्हणजे माणशी १४ लाख. एका खेळाडूमुळे बाकी प्रत्येकाच्या वाट्यातून अडीच लाखांहून जास्त कमी झाले. आपण म्हणतो, हरमनप्रीत ७८ लाखांना पडला. संघ बांधणाऱ्याच्या वहीत तो ७८ लाखांना पडतो आणि शिवाय त्या पैशात येऊ शकले असते ते तीन-चार बरे खेळाडू जातात. पगारमर्यादेचं सगळं शास्त्र या एका ओळीतून निघतं. खिसा मोकळा असेल तर विचारायचं, हा खेळाडू चांगला आहे का? खिसा बांधलेला असेल तर विचारायचं, याच्यासाठी मी कोणाला सोडतोय?

हरमनप्रीतला घेणं चूक होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. हॉकीत पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक मारणारा, म्हणजे चेंडू स्टिकने ओढून जोरात गोलात फेकणारा माणूस म्हणजे घरात पाण्याची हमी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने कांस्य जिंकलं तेव्हा त्याचे एकट्याचे १० गोल होते, त्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त. पण याच लिलावात श्राची राढ बंगाल टायगर्सने दुसरा ड्रॅगफ्लिकर, जुगराज सिंग, ४८ लाखांना घेतला. पुढे १ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलात अंतिम सामना झाला, बंगालने हैदराबाद तूफान्सला ४-३ ने हरवलं आणि त्यात जुगराजची हॅटट्रिक होती. दोन ड्रॅगफ्लिकरमध्ये ३० लाखांचा फरक. ते ३० लाख दुसऱ्या जागी लावता येतात. लिलावात मला भाव सर्वांत मोठा कोणाचा हे बघण्यापेक्षा असे फरक शोधायला आवडतं.

आता अमेरिकेकडे जाऊ. तिथली हॉकी बर्फावरची. एनएचएल ही त्यांची मोठी लीग, अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ संघ. तिथे लिलाव नसतो. प्रत्येक संघ खेळाडूशी वेगवेगळ्या मुदतीचा करार करतो, आणि सगळ्या करारांची वर्षाची बेरीज मर्यादेच्या आत ठेवावी लागते. २०२५-२६ च्या मोसमात ही मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे, रुपयांत आठशे कोटींच्या वर.

ही मर्यादा आली कशी, हे आमच्या समितीतल्या लोकांना सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. २००४-०५ चा अख्खा मोसम तिथे खेळलाच गेला नाही. त्याआधी डेट्रॉइटसारखे श्रीमंत संघ वर्षाला ७ कोटी डॉलरच्या वर पगार देत होते आणि लहान शहरांतले संघ मागे पडत होते. मालकांनी मर्यादा मागितली, खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला, मालकांनी मैदानांना कुलूप लावलं. एकही सामना नाही, लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप कोणालाच नाही. शेवटी २००५ मध्ये मर्यादा ठरली, ३ कोटी ९० लाख डॉलर. या सगळ्यात मालकांना सगळ्यात जास्त ओढ आपल्या खर्चाला लगाम घालण्याची होती, हे स्वच्छ बोललं पाहिजे. पण त्या बदल्यात खेळाडूंना एक गोष्ट मिळाली: लीगच्या कमाईत ठरलेला वाटा. २०१३ च्या करारापासून तो निम्मा आहे.

मर्यादेचा आकडाही ढोबळमानाने त्या वाट्यातूनच निघतो. लीगची वर्षाची कमाई धरायची, तिचा निम्मा भाग खेळाडूंचा, त्याला संघांच्या संख्येने भागायचं. मधला आकडा आला. त्यावर १५ टक्के ही वरची मर्यादा, त्याखाली १५ टक्के ही खालची. होय, खालचीही आहे. २०२५-२६ मध्ये कोणत्याही संघाला ७ कोटी ६ लाख डॉलरपेक्षा कमी पगार देता येत नाही. नाहीतर एखादा मालक स्वस्तातला संघ उभा करून वाट्याला आलेले पैसे खिशात घालेल आणि प्रेक्षक बिचारे तिकीट काढून हरणारा संघ बघत बसतील.

इथे कबड्डी आणि बर्फावरच्या हॉकीतला एक फरक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे एक दमदार रेडर असेल तर तो सामनाभर चढाया करू शकतो. बर्फावर तसं होत नाही. खेळ इतका वेगाचा की खेळाडू पाऊण मिनिटात धापा टाकत बाहेर येतो आणि दुसरा आत जातो. सामना ६० मिनिटांचा, आणि नावाजलेला आघाडीचा खेळाडूसुद्धा त्यात २०-२२ मिनिटं खेळतो. बाकीचा वेळ तो बाकावर असतो. एका सामन्यात १८ खेळाडू आणि दोन गोलरक्षक उतरतात: आघाडीचे बारा जण तिघा-तिघांच्या चार फळ्यांत, बचावाचे सहा जण तीन जोड्यांत. तुमचा हिरा बाकावर बसलेला असताना बर्फावर तिसरी-चौथी फळी असते, आणि सामना तेव्हाही चालूच असतो. म्हणून सगळा पैसा दोघा-तिघांवर ओतणारा संघ त्या वेळात मार खातो. नियमही आहे की एका खेळाडूला संघाच्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे असा नियम नसताना हरमनप्रीतचे ७८ लाख चार कोटींच्या साडेएकोणीस टक्के भरतात.

आता मुख्य गोष्टीकडे. ती समजावताना मला पाडव्याची आठवण होते.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. वर्षाची रक्कम, वर धान्य, कपडे. एकदा बोलणी झाली की झाली. पुढे दिवाळीत मजुरीचे भाव वाढले आणि वेचणीला माणूस मिळेनासा झाला, तरी त्याचं साल तेच राहतं. ज्याने पाडव्याला नीट बोलणी केली त्या शेतकऱ्याला तो माणूस स्वस्तात पडतो. एनएचएलमधले करारही असेच असतात, फक्त एका वर्षाऐवजी सहा-सात-आठ वर्षांचे. खेळाडू आज कसा आहे यावर साल ठरतं, आणि तो पुढे कसा होईल यावर संघ जिंकतो किंवा बुडतो.

कोलोरॅडोच्या नेथन मॅकिननने २०१६ मध्ये सात वर्षांचा करार केला, वर्षाला ६३ लाख डॉलर. तेव्हा तो चांगला होता, पण जगातला अव्वल नव्हता. दोन वर्षांत तो तसा झाला. पण साल ६३ लाखांवरच बांधलेलं. उरलेल्या पैशात कोलोरॅडोने त्याच्याभोवती संघ उभा केला आणि २०२२ मध्ये कप जिंकला. करार संपल्यावर त्याला नवा मिळाला तो वर्षाला १ कोटी २६ लाखांचा, बरोबर दुप्पट. त्या सात वर्षांत तो खेळत होता दुप्पट किमतीचं आणि मोजले जात होते निम्मे. ही जी दरी असते ना, खेळाडूच्या खऱ्या किमतीची आणि त्याच्या पगाराची, तीच कप जिंकून देते. पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. पैसा सगळ्यांकडे सारखा असला तरी ही दरी सगळ्यांकडे सारखी नसते.

दरी दुसऱ्या मार्गानेही मिळते, आणि तो मार्ग आहे पोरांचा. लीगमध्ये नवीन आलेल्या कोवळ्या खेळाडूला पहिला करार तीन वर्षांचा मिळतो आणि त्याचा मूळ पगार १० लाख डॉलरच्या आसपासच्या हद्दीतच राहतो, मग तो कितीही भारी खेळो. बक्षिसाची रक्कम वर असते, पण ती वेगळी. पिट्सबर्गने २०१७ मध्ये कप जिंकला तेव्हा बादफेरीत सगळ्यात जास्त, १३ गोल मारणारा जेक गेन्ट्झेल असाच पहिल्या करारावर होता. नव्या पोरांना तिथे सगळे संघ पाळीपाळीने, फेऱ्यांमध्ये निवडतात, आणि त्याला निवडलं होतं तिसऱ्या फेरीत, ७७ वा. म्हणजे ७६ नावं पुकारून झाल्यावर कोणीतरी या पोराकडे बघितलं होतं. जो माणूस लहान गावातल्या थंड मैदानावर जाऊन असा पोरगा हेरतो, त्याचं नाव कपावर मोठ्या अक्षरात कोरायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इथे एक बाजू दाबून ठेवणं बरोबर होणार नाही. संघाला जो खेळाडू स्वस्तात पडतो, त्याच्या घामाचे पैसे कोणीतरी वाचवलेले असतात. हॉकीपटूचं आयुष्य लहान. वयाची बावीस ते सत्तावीस ही त्याची सोन्याची वर्षं, आणि नियम असा की साधारण २७ वर्षांचा होईपर्यंत किंवा लीगमध्ये सात मोसम होईपर्यंत त्याला मनासारख्या संघाकडे मोकळेपणाने जाता येत नाही. पैसा मिळतो तो मागाहून, बहुतेकदा खेळ उतरायला लागल्यावर. मर्यादा संघासंघांत न्याय करते. म्हाताऱ्या आणि तरुण खेळाडूंमध्ये तिने न्याय केला असं मला वाटत नाही.

आता दरी संपते तेव्हा काय होतं ते बघा. शिकागो ब्लॅकहॉक्सने २०१० मध्ये ४९ वर्षांनी कप जिंकला. शहरात मिरवणूक निघाली आणि त्याच उन्हाळ्यात संघ मोडावा लागला. पोरांचे स्वस्त करार संपत आले होते, सगळ्यांना आता खरा भाव हवा होता आणि बेरीज मर्यादेत बसत नव्हती. डस्टिन बफलिन गेला, अँड्र्यू लॅड गेला, क्रिस वर्स्टीग गेला, ज्याने गोल राखून कप आणला तो अँटी निएमीही गेला. शिकागोने एक गोष्ट मात्र अगदी बरोबर ओळखली: गाभा कोणता आणि टरफल कोणतं. जोनाथन टेव्स, पॅट्रिक केन, डंकन कीथ, ब्रेंट सीब्रुक, मारियन होसा ही माणसं धरून ठेवली, बाकी जागा दरवेळी नव्याने स्वस्तात भरल्या. त्याच गाभ्यावर २०१३ आणि २०१५ मध्ये पुन्हा कप आला. पुतण्याच्या प्रश्नाचं हे उरलेलं अर्धं उत्तर. नंतर टेव्स आणि केन यांचे वर्षाला प्रत्येकी १ कोटी ५ लाखांचे करार सुरू झाले, गाभाच महाग झाला, आणि २०१६ व २०१७ मध्ये संघ पहिल्याच फेरीत बाद झाला.

टोरोंटोची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे, आणि ती वाचताना मला वाईट वाटलं. त्यांनी आधी जिंकून मग महाग होण्याऐवजी आधीच महाग करार केले. २०१९-२० मध्ये ऑस्टन मॅथ्यूज, जॉन टवारेस, मिच मार्नर आणि विल्यम नायलँडर या चौघांनाच मर्यादेतले जवळपास निम्मे पैसे जात होते. चौघेही खरोखर उत्तम. संघाचा अंदाज असा की मर्यादा दरवर्षी वाढत जाईल आणि आज जड वाटणारे करार उद्या हलके होतील. मग कोरोना आला. मैदानं रिकामी, कमाई बसली आणि मर्यादा तीन मोसम ८ कोटी १५ लाखांवरच थांबली. पुढच्या पिकाच्या भरवशावर यंदा कर्ज काढलं आणि पाऊसच आला नाही, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. २००४ नंतर बादफेरीतली एक मालिका जिंकायला टोरोंटोला थेट २०२३ उजाडावं लागलं.

म्हणून जाणकार लोक पगाराचा आकडा बघत नाहीत, मर्यादेतले टक्के बघतात. पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीचा हिशोब यासाठी फार सुंदर आहे. त्याचा जन्म ७ ऑगस्ट १९८७ चा, पाठीवर क्रमांक ८७, आणि करारही वर्षाला ८७ लाख डॉलरचा. २०१३-१४ मध्ये तो करार सुरू झाला तेव्हा मर्यादा ६ कोटी ४३ लाख होती, म्हणजे तो साडेतेरा टक्के घेत होता. २०२४-२५ मध्ये मर्यादा ८ कोटी ८० लाख झाली, आणि तेच ८७ लाख दहा टक्क्यांच्याही खाली आले. पगार एक पैसाही बदलला नाही, पण संघाला तो हळूहळू स्वस्त होत गेला. त्याने पुढच्या करारातही ८७ लाखच घेतले. २०२६-२७ ची मर्यादा १० कोटी ४० लाखांवर जाणार असं जाहीर झालं, आणि मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोवला वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार मिळाला. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. टक्क्यांत तो सव्वासोळाच्या जरा वर बसतो.

नियम आला की पळवाटही येते. मर्यादेत मोजतात ती कराराची वार्षिक सरासरी. मग न्यू जर्सीने २०१० मध्ये इल्या कोवालचुकशी तब्बल १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार केला. सुरुवातीला भरपूर पैसे, आणि शेवटच्या वर्षांत, तो चाळिशी ओलांडून ४४ पर्यंत पोहोचेपर्यंत, अगदी किरकोळ. सरासरी निघाली ६० लाख. त्या वयात तो खेळणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. लीगने करार फेटाळला, आणि २०१३ पासून मुदतीलाच आठ वर्षांची हद्द घातली.

दुसरी पळवाट टॅम्पा बेची. लांब दुखापत झालेल्या खेळाडूच्या पगाराइतकी सूट संघाला मर्यादेवर मिळते, आणि बादफेरीत मर्यादा लागूच नव्हती. निकिता कुचेरोव खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ चा सगळा साखळी मोसम बाहेर होता. त्या सवलतीत टॅम्पाने पूर्ण ताकदीचा संघ ठेवला. बादफेरीच्या पहिल्याच सामन्यात कुचेरोव परतला, स्पर्धेत सर्वाधिक गुण (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) त्याने मिळवले आणि कपही जिंकला. त्या वेळी संघाचा पगार मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर वर होता. नियम त्यांनी मोडला नव्हता. पण २०२५-२६ पासून बादफेरीतल्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या संघालाही मर्यादा लागू झाली.

ही गोष्ट मी समितीत सांगितली तेव्हा एक पंच ताडकन म्हणाले, "म्हणजे फायनलले नवा गडी उतरवाचा रस्ता आपल्या इथं बी उघडाच हाय ना बाप्पा!" खरंच होता. आमच्या २५ हजारांच्या नियमात नावं कधी द्यायची हे लिहिलंच नव्हतं. त्याच रात्री एक ओळ वाढवली: बाहेरच्या खेळाडूंची नावं आणि रक्कम पहिल्या सामन्याआधी कागदावर, मग शेवटपर्यंत बदल नाही.

आमच्या गावानेही यंदा वेगळा विचार केलाय. दरवर्षी सगळे पैसे एका रेडरवर जायचे आणि तो बाद होऊन बसला की बाकीचे सहा जण नुसते मैदान राखायचे. यंदा बाहेरून दोन पकडीचे गडी आणतोय, एक डावा कोपरा, एक उजवा. त्यांचा भाव रेडरपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि दोघांचे मिळून २५ हजारांत बसतात. चढाईला गावचीच तीन पोरं आहेत. त्यातला एक सतरा वर्षांचा आहे, दिवसभर वावरात असतो आणि संध्याकाळी शाळेच्या मागच्या मातीत सराव करतो. पुतण्याने वहीत त्याच्या नावापुढे रकमेच्या रकान्यात शून्य लिहिलं. मी त्याला ते खोडून तिथे बुटांचे पैसे लिहायला लावले.